आंत्र प्रतिरोपण कार्यक्रमाच्या फलनिष्पत्तीचे मूल्यमापन

निकामी झालेल्या किंवा शस्त्रक्रियेने काढून टाकाव्या लागलेल्या लघ्वांत्राच्या (लहान आतड्याच्या) जागी दात्याचे लघ्वांत्र बसविण्याच्या क्रियेस आंत्र प्रतिरोपण म्हणतात. बोलीत प्रत्यारोपण हा शब्दही रूढ आहे. रोग्याची निवड, शस्त्रक्रिया आणि तिच्यानंतरची आजन्म देखरेख यांसाठी रुग्णालय जी स्थायी व्यवस्था उभारते, ती त्या रुग्णालयाचा आंत्र प्रतिरोपण कार्यक्रम होय. या कार्यक्रमाने रोग्यांना प्रत्यक्षात काय लाभले, किती रोगी किती काळ जगले, ते तोंडाने अन्न घेऊन जगू शकले की नाही, याची पडताळणी म्हणजे फलनिष्पत्तीचे मूल्यमापन. ही पडताळणी वृक्क (मूत्रपिंड) वा यकृत यांच्या प्रतिरोपणाच्या पडताळणीपेक्षा अवघड असते. एक तर या शस्त्रक्रिया फारच थोड्या होतात. दुसरे असे की, आतडे निकामी झालेला रोगी प्रतिरोपणाविनाही नीलेवाटे (शिरेवाटे) पोषण घेऊन वर्षानुवर्षे जगू शकतो, परंतु ते पोषण कितपत सुरक्षितपणे मिळेल हे देशोदेशी वेगळे असते. त्यामुळे ‘वर्षाअखेर इतके टक्के रोगी हयात’ हा एकच आकडा पाहून कार्यक्रमाचा बरेवाईटपणा ठरविता येत नाही.

आंत्र-अकार्यक्षमता : प्रौढ माणसाचे लघ्वांत्र सु. ६ मी. लांब असते. अन्नाचे पचन व अभिशोषण मुख्यतः तेथेच होते. ते २०० सेंमी.पेक्षा कमी उरल्यास रोग्याला लघु आंत्र विकार जडण्याचा संभव असतो. मग तोंडाने कितीही घेतले तरी पाणी, लवणे व पोषकद्रव्ये शरीरात टिकत नाहीत. बृहदांत्र (मोठे आतडे) शिल्लक आहे की नाही यालाही महत्त्व असते, कारण ते पाणी व लवणे राखून ठेवते. पाश्चात्त्य देशांत बालरोग्यांमध्ये उदरभित्तीचे जन्मजात दोष, आतड्याला पडलेला पीळ व अकाली जन्मलेल्या अर्भकांतील आंत्रऊतकाचा मृत्यू ही प्रमुख कारणे होत. भारतातील प्रौढ रोग्यांत मोठा वाटा आतड्याच्या रोहिणीत वा नीलेत रक्ताची गुठळी अडकून आतडे मृत होण्याचा आहे. हा भेद मूल्यमापनात विसरता येत नाही. ज्याच्या रक्तात गुठळ्या होण्याची प्रवृत्ती आहे, त्याच्या नव्या आतड्याच्या वाहिन्यांतही गुठळी होण्याचा धोका असतो. शिवाय पोषणासाठी वापरावयाच्या मोठ्या नीला बंद पडण्याचा धोकाही त्याला अधिक असतो.

इतिहास : अमेरिकन शल्यचिकित्सक रिचर्ड लिलेहाय यांनी १९५९ मध्ये कुत्र्यांवर व १९६७ मध्ये मिनीॲपोलिस येथे मानवावर आंत्र प्रतिरोपणाचे प्रयोग केले. त्या काळातील रोगी फार दिवस जगले नाहीत. १९६८ मध्ये स्टॅन्ली डड्रिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी नीलेवाटे संपूर्ण पोषण देऊन प्राण्याची व अर्भकाची वाढ साधता येते असे दाखविले. त्यामुळे आतडे नसलेल्या रोग्यास जगविण्याचा दुसरा मार्ग निघाला आणि प्रतिरोपणाची निकड काही काळ ओसरली. यानंतर प्रतिरोपणाची तुलना निश्चित मृत्यूशी न होता या पोषणाशी होऊ लागली. १९८८ मध्ये जर्मनीतील कील येथे एका स्त्रीला तिच्या बहिणीच्या आतड्याचा भाग यशस्वी रीतीने बसविण्यात आला. त्याच वर्षी कॅनडातील लंडन (आँटॅरिओ) येथे डेव्हिड ग्रँट व सहकाऱ्यांनी यकृत व आतडे यांचे एकत्र प्रतिरोपण केले. १९९० च्या सुमारास पिट्सबर्ग येथे टॉमस स्टार्झल यांच्या पथकाने टॅक्रोलिमस हे प्रतिरक्षादमनी औषध वापरात आणले, तेव्हापासून ही शस्त्रक्रिया प्रयोगावस्थेतून बाहेर पडू लागली.

आतडे हा परक्या देहात रुजविण्यास कठीण अवयव आहे. त्याच्या भित्तीत लसीकाभ ऊतक विपुल असते आणि त्याची पोकळी सूक्ष्मजंतूंनी भरलेली असते. ग्राहीचे (ज्याच्यात अवयव बसविला त्या रोग्याचे) शरीर कलम नाकारू लागले की, आतड्याचे अस्तर सोलवटते व जंतू रक्तात शिरतात. नाकारणे थांबविण्यास औषध वाढवावे, तर जंतुसंसर्ग बळावतो. या कात्रीमुळे पहिल्या काही आठवड्यांत पोटावर ठेवलेल्या आंत्रद्वारातून अंतर्दर्शक घालून आठवड्यातून एकदा-दोनदा जीवोतक परीक्षा करावी लागते. कार्यक्रमाचे मूल्यमापन करताना शल्यचिकित्सकाच्या हस्तकौशल्याइतकीच, किंबहुना अधिक, या पहाऱ्याची परीक्षा होत असते.

कशाचे मापन करावयाचे : रोग्याचे जीवमान व कलमाचे आयुष्य ही दोन मापे प्रथम येतात आणि ती वेगळी ठेवावी लागतात. कलम निकामी झाल्यास ते काढून टाकून रोग्याला पुन्हा नीलेवाटे पोषणावर ठेवता येते. म्हणून जेथे अशा पोषणाची सोय चांगली आहे तेथे जिवंत रोग्यांचे प्रमाण टिकलेल्या कलमांच्या प्रमाणापेक्षा जास्त दिसते. जेथे परतीची ही वाट अरुंद आहे तेथे कलम गमावणे म्हणजे बहुधा रोगी गमावणे. दोन देशांच्या रुग्णालयांची तुलना करणाऱ्याने हा फरक आधी ध्यानात घ्यावा.

तिसरे माप पोषणस्वातंत्र्याचे : नीलेतील नलिका काढून टाकून रोगी केवळ अन्नावर वजन राखू शकतो काय? प्रतिरोपणाचा मूळ हेतू हाच असल्याने हे माप गौण मानणे चुकीचे आहे. तरी पुष्कळ अहवालांत ते शेवटी, एखाद्या ओळीत उरकलेले आढळते. बालरोग्यांत उंचीची व वजनाची वाढही पाहावी लागते. याखेरीज प्रतिरक्षादमनी औषधांचे दूरगामी परिणाम मोजावे लागतात. वृक्काव्यतिरिक्त इतर अवयवांच्या ग्राहींची अमेरिकेत मोठी पाहणी झाली व ती २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत पाच वर्षांत जीर्ण वृक्क-अकार्यक्षमता उद्‌भवण्याचे प्रमाण आंत्रग्राहींमध्ये सर्वाधिक, म्हणजे २१ टक्क्यांहून थोडे जास्त आढळले. वर्षाअखेरीस मांडलेल्या हिशेबात ही हानी दिसत नाही.

जागतिक अनुभवाची कल्पना आंतरराष्ट्रीय आंत्र प्रतिरोपण नोंदवहीवरून येते. ही नोंदवही १९८५ मध्ये सुरू झाली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालात ८२ कार्यक्रमांतील २,६९९ रोग्यांवरील २,८८७ प्रतिरोपणांची माहिती असून अलीकडच्या रोग्यांपैकी १ वर्षाने ७६, ५ वर्षांनी ५६ व १० वर्षांनी ४३ टक्के हयात राहतात असा अंदाज दिला आहे. पहिल्या वर्षानंतर कलम गमावण्याचा वेग मात्र पूर्वीपेक्षा कमी झालेला नाही, असेही त्यात नमूद आहे. सुधारणा झाली ती मुख्यतः पहिल्या वर्षात. म्हणून केवळ एक वर्षाचा आकडा देणारा कार्यक्रम आपली उजवी बाजू तेवढी दाखवीत असतो.

टक्केवारी कशी बनते : एका कल्पित कार्यक्रमात १२ रोग्यांवर प्रतिरोपण झाले असे समजू. त्यांपैकी तिघे अनुक्रमे पहिल्या, तिसऱ्या व आठव्या महिन्याअखेर मृत्यू पावले. सहा जण वर्ष ओलांडून हयात आहेत. उरलेल्या तिघांची शस्त्रक्रिया होऊन सहाच महिने झाले असून ते आज हयात आहेत. वर्षाचे जीवमान किती? बारांपैकी नऊ जिवंत म्हणून ७५ टक्के, असे कोणी म्हणेल. पण यात तिघांचे न आलेले सहा महिने जमेस धरले आहेत. ते तिघे सोडून दिल्यास नवांपैकी सहा, म्हणजे ६७ टक्के. पण यात त्यांनी प्रत्यक्ष जगलेले सहा महिने वाया जातात. एडवर्ड कॅप्लान व पॉल मायर या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञांनी १९५८ मध्ये मांडलेल्या पद्धतीत प्रत्येक मृत्यूच्या वेळी जितके रोगी निरीक्षणाखाली होते तितक्यांच्या प्रमाणात हिशेब करतात. पहिल्या दोन मृत्यूंनंतर १२ पैकी १० उरले. सहाव्या महिन्यानंतर तिघे निरीक्षणाबाहेर गेल्याने सात उरले. आठव्या महिन्यातील मृत्यूने सातांचे सहा झाले. गुणाकार केल्यास ७१ टक्के येतात. हाच आकडा ग्राह्य होय.

आता त्या तिघांची स्थिती बदलू. त्यांची शस्त्रक्रिया अलीकडची नसून जुनीच आहे, परंतु सहा महिन्यांनंतर ते तपासणीस आलेच नाहीत असे समजू. वरील गणित तसेच केल्यास उत्तर पुन्हा ७१ टक्केच येते. मात्र ही पद्धत एक गोष्ट गृहीत धरते : निरीक्षणाबाहेर गेलेल्यांचे भवितव्य उरलेल्यांसारखेच असावे. जो रोगी येत नाही तो बरा आहे म्हणून येत नाही, की गोळ्यांना पैसे नाहीत म्हणून, की घरीच मृत्यू पावला म्हणून, हे कागदावरून कळत नाही. तिघेही वर्षाच्या आत दगावले असतील, तर खरे जीवमान ५० टक्के ठरते. बारा रोग्यांची एकच यादी. तीतून ७५, ७१, ६७ व ५० असे चार आकडे निघू शकतात. म्हणून अहवाल वाचताना टक्केवारीच्या आधी ‘संपर्क तुटलेले’ या सदराखालील संख्या पाहावी. ती दिलेली नसल्यास टक्केवारीला फारसा अर्थ राहत नाही.

लहान संख्यांची अडचण वेगळीच आहे. दहांपैकी सात रोगी वर्षाअखेर हयात असतील, तर त्या कार्यक्रमाचे खरे जीवमान-प्रमाण सांख्यिकीय दृष्ट्या ३५ पासून ९३ टक्क्यांपर्यंत कोठेही असू शकते. शंभरांपैकी सत्तर असतील, तर हीच मर्यादा ६० ते ७९ टक्के इतकी आकुंचन पावते. पाचांपैकी पाचही जगले, तरी खरे प्रमाण ४८ टक्क्यांइतके खाली असण्याची शक्यता उरते. ‘शंभर टक्के यश’ ही घोषणा पाच रोग्यांवर उभी असेल, तर ती आनंदाची बातमी असली तरी पुरावा नव्हे. याच्या उलट, पहिल्या चारांपैकी तीन रोगी दगावले म्हणून कार्यक्रम वाईट ठरविणेही घाईचे होते. अशा वेळी वर्षाअखेरची वाट न पाहता प्रत्येक शस्त्रक्रियेगणिक अपेक्षित व प्रत्यक्ष मृत्यूंतील फरकाची बेरीज आलेखावर मांडीत जातात. इंग्रज संख्याशास्त्रज्ञ ई. एस. पेज यांनी १९५४ मध्ये कारखान्यातील मालाच्या तपासणीच्या संदर्भात हे तंत्र सुचविले होते. रेषा ठराविक मर्यादेबाहेर चढली की चौकशी करतात. ब्रिटनमध्ये प्रतिरोपण केंद्रांवर अशी नजर ठेवली जाते.

अमेरिकेत शासकीय आरोग्यविम्याने २००१ पासून या शस्त्रक्रियेचा खर्च देऊ केला, तेव्हा केंद्राला वर्षाकाठी किमान १० प्रतिरोपणे व एक वर्षाचे ६५ टक्के जीवमान अशी अट घातली होती. अट सोपी व समजण्याजोगी होती. पण वरील गणित पाहता दहा रोग्यांवरून ६५ टक्क्यांची रेषा ओलांडली की नाही हे निश्चितपणे सांगणे अवघड आहे, हे उघड होईल. तेथील प्रतिरोपण ग्राहींची शास्त्रीय नोंदवही प्रत्येक केंद्राचे अहवाल जाहीर करते. त्यांत रोग्यांचे वय, आजार व अवस्था लक्षात घेऊन अपेक्षित निष्पत्ती काढतात व प्रत्यक्ष निष्पत्तीशी ताडून पाहतात. याचाही एक दुष्परिणाम आहे. आकडा घसरेल या भीतीने अतिगंभीर रोग्यास नाकारण्याचा मोह केंद्राला होऊ शकतो. तो उघडकीस आणण्याचा उपाय म्हणजे हिशेब शस्त्रक्रियेच्या दिवसापासून न करता रोग्याचे नाव प्रतीक्षायादीत आले त्या दिवसापासून करणे. नाकारलेल्यांची संख्या व कारणे यांचीही नोंद ठेवणे. यादीवर असताना मृत्यू पावलेला रोगी शस्त्रक्रियेच्या आकडेवारीत कोठेच दिसत नाही. पण त्याच्या कुटुंबाच्या दृष्टीने कार्यक्रमाची निष्पत्ती तीच होय.

तुलना कोणाशी : युरोपात पाच वर्षे चाललेल्या व २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, प्रतिरोपणाची गरज नसलेले व घरी नीलेवाटे पोषण घेणारे रोगी पाच वर्षांनी ८७ टक्के हयात होते. असे पोषण ज्यांच्यात अयशस्वी ठरू लागले होते त्यांच्यात हे प्रमाण ७३ टक्के, तर प्रतिरोपण झालेल्यांत ५४ टक्के होते. या आकड्यांवरून तेथील वैद्यांनी प्रतिरोपण राखून ठेवावे असा निष्कर्ष काढला व तो तेथे योग्यच आहे. मात्र त्याच्यामागे घरपोच येणारी पोषणद्रवाची पिशवी, निर्जंतुक हाताळणीचे शिक्षण घेतलेले कुटुंब व खर्च उचलणारी शासनव्यवस्था गृहीत आहे. भारतात घरी असे पोषण देण्याची सोय थोड्याच ठिकाणी आहे. खर्च बहुधा कुटुंबावर पडतो आणि नलिकेतील जंतुसंसर्ग किंवा यकृताची हानी लवकर गाठते. युरोपातील ८७ हा आकडा येथील रोग्यासमोर ठेवून ‘शस्त्रक्रिया टाळा’ असे सांगणे जितके चुकीचे, तितकेच येथील पोषणव्यवस्थेच्या उणिवा दाखवून प्रत्येकाला शस्त्रक्रियेकडे नेणेही चुकीचे. ज्या रोग्याचे उरलेले आतडे योग्य आहार, औषधे व काळ यांनी सावरू शकते, त्याला सावरू देणे हे चांगल्या कार्यक्रमाचे यशच मानले पाहिजे. तेव्हा प्रतिरोपणाविना बरे होऊन गेलेले रोगी किती, ही संख्याही मूल्यमापनात यावयास हवी.

महाराष्ट्रातील स्थिती : मानवी अवयव प्रतिरोपण अधिनियम १९९४ मध्ये संमत झाला, २०११ मध्ये त्यात दुरुस्ती झाली व २०१४ मध्ये नवे नियम आले. मुंबईतील के. ई. एम. रुग्णालयात प्रादेशिक व राज्य अवयव आणि ऊतक प्रतिरोपण संघटनेचे कार्यालय असून मेंदूमृत दात्यांच्या अवयवांचे वाटप विभागीय समन्वय केंद्रांमार्फत होते. भारतात आंत्र प्रतिरोपण गुडगाव, चेन्नई, कोची इ. ठिकाणी, तर महाराष्ट्रात पुण्यातील ज्यूपिटर व मुंबईतील परळ येथील ग्लोबल (ग्लेनीगल्स) या खाजगी रुग्णालयांत झाले आहे.

या कार्यक्रमांच्या निष्पत्तीचा बराचसा भाग रुग्णालयाच्या भिंतींबाहेर ठरतो. ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या मध्य रेल्वेवरील सलग शहरांवरून हे स्पष्ट होते. २०११ च्या जनगणनेत त्यांची एकूण लोकसंख्या सु. ९.३३ लक्ष होती व नंतर ती बरीच वाढली आहे. अमेरिकेत आंत्र प्रतिरोपणांचा उच्चांक २००७ मध्ये १९८ इतका झाला. आतड्याच्या पुनर्वसनाचे उपचार सुधारल्यावर संख्या घटून शंभराच्या आसपास वा त्याखाली आली. तेथील सु. ३३ कोटी लोकसंख्येमागे वर्षाला १०० हे प्रमाण धरल्यास या तीन शहरांच्या २०११ मधील लोकसंख्येत साडेतीन वर्षांतून एका रोग्याचा प्रसंग येईल. स्थानिक वैद्याला साऱ्या व्यवसायात असे दोन-चार रोगी भेटले तर भेटतील. साहजिकच एखाद्या वस्तीत या शस्त्रक्रियेविषयीचे मत एकाच शेजाऱ्याच्या जगण्यावरून वा मरणावरून बनते. वर सांगितलेले लहान संख्येचे गणित तेथे एकावर येऊन ठेपलेले असते.

रोग्याचा प्रवास सुरू होतो तो पोटातील असह्य वेदनेने. उल्हासनगरचे मध्यवर्ती शासकीय रुग्णालय किंवा एखादे खाजगी शुश्रूषागृह, तेथून कळवा वा मुंबई अशी पाठवणी होते. आतड्याचा रक्तपुरवठा तुटल्यावर ते काही तासांत मृत होते. निदान व पहिली शस्त्रक्रिया किती लवकर झाली यावर किती सेंटिमीटर आतडे वाचले हे ठरते. पहिल्या शल्यचिकित्सकाने उरलेल्या आतड्याची लांबी मोजून कागदावर लिहिली असेल, तर पुढील सर्व निर्णय सुकर होतात. बहुधा ती ‘थोडे आतडे शिल्लक’ अशा शब्दांत लिहिलेली सापडते. प्रतिरोपण कार्यक्रम या आधीच्या टप्प्याला जबाबदार नसतो, पण त्याच्या निष्पत्तीवर याची छाप असते.

प्रतिरोपणानंतर अंतराचा प्रश्न येतो. मुंबईच्या मुख्य स्थानकापासून अंबरनाथ सु. ६० किमी. व बदलापूर सु. ६८ किमी. आहे. नव्या आतड्याच्या द्वारातून दिवसाला काही लिटर द्रव वाहून गेल्यास रोगी थोड्या वेळात कोरडा पडतो. ताप आल्यास तो साधा आहे की कलम नाकारण्याचा, हे त्याच दिवशी कळावे लागते. प्रतिरक्षा दबलेल्या रोग्याने गर्दीच्या लोकलमधून वारंवार तपासणीस जाणे इष्ट नव्हे; मोटारीचा खर्च प्रत्येकाला झेपत नाही. म्हणून पहिले काही महिने रुग्णालयाजवळ खोली घेऊन राहण्याचा सल्ला देतात. एका कमावत्या माणसाला घरी बसवून ही खोली चालवावी लागते, आणि ती सोडण्याची वेळ पुष्कळदा वैद्यकीय कारणापेक्षा भाड्याने ठरते. औषधांच्या रक्तातील पातळीची तपासणी शहरातच करून घेऊन अहवाल केंद्राकडे पाठविण्याची, स्थानिक वैद्याशी थेट दूरध्वनी-संपर्काची व घरी जाऊन चौकशी करणाऱ्या समन्वयकाची व्यवस्था असलेल्या केंद्राला ‘संपर्क तुटलेले’ रोगी कमी असणार.

पैशांअभावी गोळ्या बंद करून रोगी दगावल्यास तो मृत्यू कार्यक्रमाच्या खात्यावर घालू नये, असा युक्तिवाद कधी कधी केला जातो. तो ग्राह्य धरता येत नाही. आजन्म औषधांची सोय होईल की नाही हे पाहणे रोग्याच्या निवडीचाच भाग आहे. वाहिन्यांची चित्रे जशी शस्त्रक्रियेपूर्वी काढतात तसा हाही हिशेब त्याच वेळी मांडावा लागतो. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी कुटुंबाने केंद्राला विचारण्यासारखे प्रश्न यांतूनच निघतात : आजवर किती रोगी यादीवर आले, किती नाकारले, किती प्रतिरोपणाविना सावरले, शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी एक, तीन व पाच वर्षांनी किती हयात आहेत व त्यांपैकी किती जणांची पोषणनलिका निघाली, किती जणांचा ठावठिकाणा केंद्राला आज सांगता येत नाही, आणि कलम निकामी झाल्यास नीलेवाटे पोषण कोठे, किती दिवस व कोणाच्या खर्चाने मिळेल. पाच-सात रोग्यांचाच अनुभव असलेल्या केंद्राने या प्रश्नांना टक्केवारीत उत्तर न देता एकेका रोग्याची हकीकत नाव वगळून सांगणे अधिक प्रामाणिक ठरते.